एका सुरात आलेले उत्तर

गेल्या रविवारी साताऱ्यात गांधी मैदानाजवळच्या आमच्या कट्ट्यावर बापूने विषय काढला. तो संगणक क्षेत्रात काम करतो आणि शाळांविषयी त्याला मनापासून आस्था आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याची आठवण देऊन त्याने विचारले, "मग प्रत्येक मुलाच्या हाती टॅब द्यायला आपण इतका वेळ का लावतो?"

मी पेरू देशाचा दाखला दिला. तेथे ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले गेले. तीनशेहून अधिक शाळांचा अभ्यास झाला, पण सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणितात किंवा भाषेत प्रगती झाल्याचा पुरावा संशोधकांना सापडला नाही. दिल्लीत मात्र शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीचे प्रश्न देत असे. तेथील मोफत प्रवेश सोडतीने दिला गेल्यामुळे नीट तुलना करता आली, आणि साडेचार महिन्यांत सोडत लागलेली मुले गणितात व हिंदीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. माझ्या मते फरक पडला तो मुलाला रोज उत्तर शोधावे लागले म्हणून.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या नानांना हे पटले, पण त्यांनी त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. प्रश्नच विचारायचे असतील तर यंत्र कशाला हवे, असे म्हणून त्यांनी परवच्याची आठवण काढली. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर पाढे, पावकी, निमकी म्हणायची, पुस्तक समोर नसायचे आणि चुकले की तेथेच दुरुस्त व्हायचे.

यावर आमचा मास्तर बोलला. तो जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो आणि वाचलेले वर्गात करून पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलत नाही. नानांच्या बाजूने त्याने अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ सालचा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के असे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. "म्हणजे नाना, न पाहता म्हणण्यात ताकद आहे, हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण वर्गात सगळे एका सुरात म्हणतात, तेव्हा ज्याला येत नाही त्याचा आवाज इतरांच्या आवाजात झाकला जातो."

म्हणून तो प्लिकर्सची कार्डे वापरतो. प्रत्येक मुलाकडे काळ्या-पांढऱ्या चौकोनी आकृतीचे एक छापील कार्ड असते आणि आकृतीच्या चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात. ज्या पर्यायाचे अक्षर वर धरले ते त्याचे उत्तर, आणि प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उपयोग होत नाही. शिक्षक एकाच मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचे काय उत्तर आहे ते त्याला लगेच दिसते. टॅबची गरज नाही, हे बापूनेही मान्य केले.

एक छेद तीन मोठा की एक छेद चार, असे मास्तरने आधी तोंडी विचारले होते, तेव्हा वर्गाने एका सुरात बरोबर उत्तर दिले. कार्डांवर मात्र सव्वीसपैकी चौदा मुलांनी एक छेद चार वर धरला, कारण चार हा तीनपेक्षा मोठा! हे ऐकून नाना बराच वेळ गप्प राहिले. आयुष्यभर वर्गाच्या एका सुरावर विश्वास ठेवलेल्या माणसाला ते लागले असणार, आणि मलाही लागले.

खासगी शाळेत शिकवणाऱ्या ताईंची हरकत वेगळी होती. मुलांवर आधीच चाचण्यांचा भार आहे, त्यात आणखी एक कशाला? मास्तर या उत्तरांना गुण देत नाही आणि कोणाचे चुकले हे वर्गाला सांगत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक माझूर यांनी १९९१ पासून जे केले, तेच तो करतो: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि मग पुन्हा उत्तर. भाकरीचे तीन आणि चार वाटे काढून मुले आपसांत भांडली आणि दुसऱ्या फेरीत फक्त तीन कार्डे चुकली. ताईंचे समाधान झाले, पण चुकीचे पर्याय विचारपूर्वक तयार करायला लागणारा वेळ शाळाबाह्य कामांतून कोठून काढायचा, हा त्यांचा प्रश्न राहिलाच, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो.

बापूने प्रश्नांचा साठा तयार करायला मदत देऊ केली. मास्तरने ती घेतली, पण त्याला वेगळीच चिंता होती. त्या दिवशी सुधारलेल्या मुलांपैकी चौघे पंधरा दिवसांनी पुन्हा एक छेद चारवर गेले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे.