अल्बानियाचा किनारा म्हणे रिकामा होता!

एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय, सोबत तिथल्या कसामिल या किनाऱ्यावरच्या गावाच्या निळ्याशार पाण्याची रील. मजकूर थोडक्यात असा: अल्बानियात कम्युनिस्टांनी किनारा कुलपात ठेवला म्हणून तो अस्पर्श राहिला, मग सरकारने बिल्डरांना मोकळं रान दिलं आणि युरोपातला सगळ्यात गरीब देश वर्षाला एक कोटी टुरिस्ट घ्यायला लागला, विरोध करतात ते फक्त पक्षीवाले, आणि कोकण मात्र सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम) मागे. यातलं काही खरंच आहे, म्हणून तर पटतं लोकांना. पण प्रत्येक वाक्यात काहीतरी गाळलंय, आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

‘कम्युनिस्ट राजवट, म्हणून बीच बंद.’

नाही हो. बल्गेरिया आणि युगोस्लाव्हियातही कम्युनिस्टच होते. बल्गेरियाने १९५०च्या दशकातच गोल्डन सँड्स आणि सनी बीच ही पर्यटनस्थळं बांधायला घेतली होती, तेही सरकारी पैशाने. युगोस्लाव्हियाच्या किनाऱ्यावर जर्मन आणि इटालियन लोक झुंडीने यायचे, स्वेती स्तेफान नावाचं अख्खं बेटवजा गाव त्यांनी हॉटेल करून टाकलं. बंद होता तो हुकूमशहा एन्वर होजाचा अल्बानिया, कारण त्याचं १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी फाटलं, १९६१ मध्ये सोव्हिएतशी, १९७८ मध्ये चीनशी, आणि शत्रू हल्ला करणार या भीतीने देशभर लाखावर बंकर. परदेशी पाहुणे यायचे, पण मोजके, सरकारी कंपनीच्या ग्रुप टूरमध्ये, नजरेखाली.

‘त्यामुळे किनारा अस्पर्श राहिला.’

हे वाचून हसावं की रडावं. व्लोराच्या खाडीवर कॉस्टिक सोडा आणि पीव्हीसीचा कारखाना होता, तिथली जमीन पाऱ्याने खराब झाली. दुर्रेसजवळ पोर्तो रोमानोला कीटकनाशकांचा कारखाना, तो बंद पडल्यावर विषारी साठा तसाच पडला आणि आजूबाजूला गरीब कुटुंबं येऊन राहिली. दोन्ही जागा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २००० च्या सुमाराला धोक्याच्या म्हणून दाखवल्यात. पोर्तो पालेर्मोला डोंगर पोखरून पाणबुड्यांसाठी बोगदा केलाय, आणि लुकोवाचे डोंगर शाळा-कॉलेजच्या पोरांकडून ‘स्वयंसेवा’ म्हणून पायऱ्या-पायऱ्यांनी कापून घेतलेत, ऑलिव्ह आणि संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी. रीलमधलं कसामिलसुद्धा या होजाच्या काळातच बागायतीसाठी वसवलेलं गाव. म्हणजे ‘होजा वाईट पण निसर्ग राखला’ असं म्हणणारे जे दुसऱ्या टोकाचे भेटतात त्यांनाही हेच उत्तर.

‘मग सरकारने परवानग्या दिल्या आणि विकास झाला.’

इथेच फॉरवर्डवाला सगळ्यात मोठी उडी मारतो, १९९१ वरून, म्हणजे कम्युनिस्ट राजवट संपली तिथून, थेट ड्रोन शॉटवर. मधे काय झालं ते बघा. होजाच्या काळात जमीन सरकारजमा झाली होती. १९९१ मध्ये ७५०१ नंबरचा कायदा आला, त्याने शेतजमीन ती कसणाऱ्या कुटुंबांना वाटून दिली. १९९३ मध्ये दुसरा कायदा, की १९४५ च्या आधीच्या मालकांना जमीन परत नाहीतर भरपाई. आता एकाच तुकड्यावर दोघे हक्कदार, शिवाय दक्षिण किनाऱ्यावरच्या हिमाराकडच्या काही गावांनी वाटपच मानलं नाही, आजोबांच्या काळच्या हद्दी धरून बसले, आणि समुद्राला लागून जमीन असेल तर तिची किंमत शेताची राहतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एका सातबाऱ्यावर तीन घरं आणि तलाठी गायब. त्यात १९९७ मध्ये पिरॅमिड स्कीम्स (नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या) बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची कमाई गेली, सरकार कोसळलं, शस्त्रागारं लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसं मेली. अशा देशात ज्याला जमेल त्याने जमेल तिथे बांधलं. २००६ मध्ये ही बेकायदा बांधकामं नियमित करायला सरकारला वेगळी एजन्सीच काढावी लागली!

आणि मग बुलडोझर. एप्रिल २००७ मध्ये जाले नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत घरं पाडली. किनारा व्यवस्थापनाच्या ज्या प्रकल्पाशी त्याचा संबंध होता त्याला पैसा जागतिक बँकेचा. लोकांनी तक्रार केली, बँकेच्याच तपासणी पॅनेलने बँकेला झोडपलं, आणि २००९ मध्ये बँकेला तो प्रकल्प स्थगित करावा लागला. २०१० च्या सुमाराला कसामिलमध्येही पाडापाडी झाली आणि अर्धवट कलंडलेल्या इमारतींचे सांगाडे पुढे कित्येक वर्षं तसेच होते, जुने फोटो शोधा, बीचच्या मागे दिसतील. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार कोर्टाने अल्बानियाला सांगितलं की जुन्या मालकांच्या भरपाईची व्यवस्थाच नीट करा, कारण एकेक केस ऐकत बसणं शक्य नाही. आता या सगळ्याला ‘परवानग्या दिल्या आणि विकास झाला’ म्हणायचं असेल तर म्हणा.

‘वर्षाला एक कोटी टुरिस्ट, लोक श्रीमंत झाले.’

आकडा खरा आहे, २०२३ मध्ये तो एक कोटीच्या पुढे गेला. पण ती हद्द ओलांडून आलेल्या परदेशी नागरिकांची मोजणी आहे, एक माणूस चारदा आला तर चार, आणि सगळ्यात जास्त येतात शेजारच्या कोसोवोमधून, ज्यातल्या पुष्कळांचे नातेवाईकच तिथे. तरीही कमाई मोठी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. विझ एअर या स्वस्त विमान कंपनीने २०२० मध्ये राजधानी तिरानात तळ केला, २०२४ मध्ये लोगारा घाटाखालचा सहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, घाटातला वेळ वाचला, त्याचा फायदा गावातल्या माणसालाही होतोच की. पण त्याच काळात देशाची लोकसंख्या बघा, २०११ ला २८ लाख, २०२३ च्या जनगणनेत २४ लाख. तरुण जर्मनी-इटलीला चाललेत आणि हॉटेलात वाढायला फिलिपिन्स, नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून माणसं आणतायत. युरो येऊन येऊन तिथलं चलन, लेक, महाग झालं, २०२४ मध्ये एका युरोला शंभर लेकही मिळेनात (कारणांवर अर्थतज्ज्ञ भांडतात, टुरिझम हे त्यातलं एक), त्यामुळे युरोत कमावणारे, इटलीसाठी कपडे-बूट शिवणारे कारखाने अडचणीत, आणि तिथे बायकांच्या नोकऱ्या जास्त. स्वस्त म्हणून गेलेल्यांनी ऑगस्टमधले कसामिलच्या छत्री-खुर्चीचे दर आधी विचारावेत, एवढंच.

‘विरोध फक्त पक्षीवाल्यांचा.’

पक्षीवाले आहेत, आणि त्यांचं म्हणणं वायफळ नाहीये. व्लोरा विमानतळ नार्ताच्या खाजणाला लागून बांधायला घेतला, जिथे फ्लेमिंगो उतरतात, आणि बर्न कराराच्या (युरोपातला वन्यजीव संरक्षणाचा करार) समितीने काम थांबवा सांगूनही तो पुढे गेला. विमानाच्या इंजिनात फ्लेमिंगो गेला तर तो फक्त फ्लेमिंगोचा प्रॉब्लेम राहत नाही! मार्च २०२३ मध्ये व्योसा नदीला राष्ट्रीय उद्यान करून जगभर टाळ्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संरक्षित क्षेत्रात पंचतारांकित हॉटेलं बसतील असा कायदा बदलला. पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांनी साझान बेट आणि झ्वर्नेत्सच्या किनाऱ्यावर आलिशान रिसॉर्टच्या योजना जाहीर केल्या. पण साझान ही जुनी लष्करी जागा, तिथे निदान शेतकरी नाही, झ्वर्नेत्सला गाव आहे, म्हणजे तिथे पक्ष्यांच्या आधी जमीन कोणाची हा प्रश्न येतो, तोच १९९१ पासूनचा.

राहिलं कोकण. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ मध्ये. शिरोडा-वेळागरच्या ताज प्रकल्पासाठी जमीन घेतली नव्वदच्या दशकात आणि तो वर्षानुवर्षं रखडला, कारण कोणाची जमीन, कोणाचं घर, काय मोबदला यावर गावकरी अडून बसले होते. सगळं सीआरझेडवर ढकलणाऱ्यांनी वेळागरला जाऊन विचारावं. आणि परदेशातलंच काही उचलायचं असेल तर क्रोएशियाचा कायदा वाचा, तिथे समुद्रालगतची पट्टी कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही, हॉटेलवाल्याला ती फक्त ठरावीक मुदतीने वापरायला मिळते. त्याची रील अजून तरी कोणी फॉरवर्ड केलेली नाही.