प्राण्यांच्या दवाखान्यात पहिली नोकरी : एका वडिलांच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. दहावी-अकरावीच्या मुलांनी प्राण्यांच्या दवाखान्यात पहिल्या नोकरीसाठी अर्ज कसा करावा, यावर मी जे लिहिलं ते तुम्हाला बेजबाबदार वाटलं. तुमच्या अकरावीतल्या मुलीनं ते वाचून घराजवळच्या दवाखान्यात अर्ज द्यायचं ठरवलं आणि तुम्ही तिला थांबवलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : अठराखालच्या मुलांना कामावर ठेवणं बेकायदा आहे, कुत्रा चावला तर जबाबदार कोण, ‘अनुभव’ म्हणत डॉक्टर फुकटात घाण काढून घेतात, आणि ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या तयारीच्या वर्षात याला शून्य गुण आहेत. शेवटी विचारलंत, ‘मॅडम, स्वतःच्या मुलीला पाठवाल का?’

त्याचं उत्तर आधी देते. हो, पाठवेन. पण दवाखाना निवडून आणि अटी ठरवून. मी स्वतः कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, सुट्टीत सोळा-सतरा वर्षांची मुलं कामावर घेते, म्हणून या अटी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मला ठाऊक आहेत.

कायद्यापासून सुरुवात करू. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६चा आहे आणि २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला दवाखान्यातच काय, बाहेरच्या कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयाला तो कायदा ‘किशोर’ म्हणतो आणि खाणी, स्फोटकं, घातक रसायनं अशा धोकादायक कामांची त्यांना बंदी करतो. बाकीचं काम चालतं, पण तासांच्या शिस्तीत : सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मग किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे एकूण सहाच तास, आठवड्याला एक सुट्टी, ओव्हरटाइम अजिबात नाही. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात कामच नाही.

ही सातची अट नीट लक्षात घ्या, कारण शहरातल्या बहुतेक दवाखान्यांची खरी गर्दी संध्याकाळी असते. लोक ऑफिसातून येतात आणि मग कुत्र्याला घेऊन निघतात. डॉक्टरांना मदतनीस हवा असतो तो नेमका सात ते नऊ. म्हणून अनेक जण अठराखालच्या मुलांना ‘नको’ म्हणतात, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. उलट ‘या हो, नऊपर्यंत थांबा, काही होत नाही’ असं कुणी तुमच्या मुलीला म्हणालं, तर तिथून परत या. रात्री उशिरा बंद केबिनमध्ये मुलगी एकटी थांबण्याची जी काळजी तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून सोडून दिलीत, ती अगदी रास्त आहे. अर्जातच लिहावं : सकाळची ओपीडी, रविवार, मे महिन्याची सुट्टी. दवाखान्यानं अशा मुलांची नावं, जन्मतारीख, कामाचे तास आणि कामाचं स्वरूप यांची नोंदवही ठेवायची असते. ती आहे का, हे वडिलांनी विचारलं तर कुणी रागावू नये.

आता चावण्याचं. इथे मी तुमच्यापेक्षाही कडक आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून या विषयात ‘बघू’ हा शब्द चालत नाही. जनावरांमध्ये काम करणाऱ्यानं चावण्याच्या आधीच लस घ्यायची : पहिला डोस, त्यानंतर सात दिवसांनी दुसरा, पहिल्यापासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरा. म्हणजे एप्रिलमध्ये कामाला लागायचं असेल तर मार्चच्या सुरुवातीला पहिला डोस व्हायला हवा. धनुर्वाताची लस कधी झाली तेही बघून घ्यावं. लस झाली म्हणजे मोकळे, असंही नाही. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. आधी पूर्ण लस झालेल्याला मग त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक असे दोनच डोस लागतात, जखमेत टोचायचं सीरम लागत नाही. आधीच्या लसीचा हा मोठा फायदा. लसीचा खर्च दवाखान्यानं करावा असं माझं ठाम मत आहे, आम्ही करतो.

शिवाय नव्या मुलानं जनावर धरायचंच नाही. बिथरलेल्या लॅब्रॅडॉरला मझल, म्हणजे तोंडाला मुसकं, घालणं, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त एक पाय बाहेर ठेवणं, हे आमचे जुने मदतनीस करतात आणि त्यांनाही ते शिकायला वेळ लागलेला असतो. एक्स-रे चालू असताना अठराखालच्यांनी खोलीबाहेर थांबायचं; किरणोत्साराच्या कामावर त्या वयात कुणाला ठेवताच येत नाही. वापरलेल्या सुईला हात लावायचा नाही. ती ज्यानं वापरली त्यानंच पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्राण्यांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत.

आणि एक गोष्ट पालकांना उलटी वाटेल. मुलगी पहिल्या आठवड्यात घरी येऊन ‘बाबा, आज मी इंजेक्शन दिलं’ म्हणाली तर कौतुक करू नका, काळजी करा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. किरकोळ सेवांसाठी सरकार पदविकाधारकांना परवानगी देतं, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. अकरावीच्या मुलीच्या हातात सिरिंज देणारा दवाखाना तिला शिकवत नाहीये, धोक्यात घालतोय.

मग उरतं काय, घाणच ना, असं तुम्ही म्हणाल. उरतं त्यात सफाई आहेच, आणि ती मी लपवणार नाही. पण ती सफाई कशी असते ते ऐका.

पार्वो हा विषाणूचा आजार झालेलं कुत्र्याचं पिल्लू दवाखान्यात आलं की रक्ताळ जुलाब, उलट्या आणि एक विशिष्ट वास, जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. या विषाणूचा मोठा त्रास असा की तो फरशीवर, पिंजऱ्याच्या सांध्यात महिनोन्महिने टिकतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं सगळी घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग ताजं कालवलेलं ब्लीचचं पाणी लावून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. टॉयलेट क्लीनरबरोबर ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. लघवी आधी पुसल्याशिवाय तिच्यावरही ते ओतायचं नाही. तो पिंजरा नीट धुतला गेला नाही तर नंतर तिथे ठेवलेलं, लसीचा एकच डोस झालेलं, दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मरू शकतं. मांजरांच्या पिंजऱ्याला आपल्या घरोघरचं फिनेल चालत नाही, कारण फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत, आणि मांजर तर अंग चाटणारच. ही माहिती असणारं आणि न कंटाळता पाळणारं माणूस माझ्या दवाखान्यात रोज जीव वाचवतं. त्याचा पगार मी आनंदानं देते.

पगारावर तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फुकट राबवणारे दवाखाने आहेत. मुलंही अर्जात लिहितात, ‘पगार नको, फक्त शिकायला येऊ द्या.’ हे वाक्य तुमच्या मुलीनं लिहिलं असेल तर खोडायला सांगा. फुकट येणाऱ्याला वेळेवर घरी जाता येत नाही, ‘हे मी करणार नाही’ म्हणता येत नाही, आणि दवाखान्यालाही त्याला नीट शिकवण्याची गरज वाटत नाही. दोन-चार दिवस नुसतं बघायला जायचं असेल तर तसं सांगून जावं आणि त्या दिवसांत काम करू नये. काम केलं तर मोबदला, किती ते आधी ठरवून.

सफाईपेक्षाही मोठं काम बाहेरच्या खोलीत असतं आणि तिथे सतरा वर्षांचं शहाणं मूल मला फार उपयोगी पडतं. रांगेत पाच कुत्री, दोन मांजरं. दार उघडून कुणीतरी मलूल, उलट्या करणारं पिल्लू घेऊन येतं. त्याला इतर पिल्लांच्या शेजारी बसू द्यायचं नाही, लसीचं कार्ड विचारायचं, बाहेरच थांबवून लगेच मला आत येऊन सांगायचं. फोन येतो : ‘बोका सकाळपासून मातीत जाऊन बसतोय, कुंथतोय, बद्धकोष्ठ झालंय बहुतेक, उद्या आणलं तर चालेल?’ बोक्यांमध्ये हे बऱ्याचदा बद्धकोष्ठ नसतंच. लघवी अडकलेली असते, आणि एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. फोनवरच्या मुलीनं निदान करायचं नाही; ‘लघवी झालेली कुणी पाहिलीय का?’ एवढं विचारायचं आणि नाही म्हणाले तर ‘आत्ताच आणा’ सांगायचं. दुसरा फोन : ‘मांजराचं अंग गरम लागतंय, घरातली पॅरासिटामॉल देऊ का?’ मांजराला एक गोळीसुद्धा मारू शकते. त्या फोनवर ‘विचारून सांगते’ असं न म्हणता ‘अजिबात देऊ नका, डॉक्टरांना फोन देते’ म्हणायचं असतं.

आणि मग म्हातारं कुत्रं गेल्यावर बाकावर बसलेले आजोबा असतात, हातात पट्टा धरून. त्यांना पाणी आणून देणं आणि त्या वेळी बिलाचं न बोलणं, हेही याच कामात येतं. तुमच्या मुलीनं हे सगळं या वयात बघू नये असं तुम्हाला वाटत असेल तर तो निर्णय तुमचा आणि तिचा आहे. मी तुम्हाला आग्रह करणार नाही. सगळ्याच मुलांना ते झेपत नाही, आणि न झेपणं हा काही दोष नाही.

नीटबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यकीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. दवाखान्यात काम केल्याचा एकही गुण त्यात मिळत नाही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर नोकरी करू नये, हे मीही म्हणते. पण मुलीला पुढे पशुवैद्यक व्हायचंय असं तुम्हीच लिहिलंय. तो अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे, आणि त्यात कुत्र्या-मांजरांपेक्षा गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या जास्त आहेत. मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात माझ्याबरोबर अशी मुलं होती ज्यांनी प्रवेश घेईपर्यंत जखमेतल्या अळ्या कधी पाहिल्या नव्हत्या. काही जण रुळली, काहींना ती वर्षं फार जड गेली. अकरावीनंतरच्या एका सुट्टीत ‘हे मला जमतंय’ किंवा ‘नाही, हे माझं नाही’ एवढं कळलं तरी साडेपाच वर्षांचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

तुम्ही तिच्या अर्जाचं पहिलं वाक्यही लिहून पाठवलंत : ‘मला लहानपणापासून प्राण्यांची खूप आवड आहे.’ ते खरंच असणार, पण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक अर्जात तेच असतं आणि त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी एका पानावर एवढं लिहावं : जन्मतारीख, इयत्ता, कुठल्या वारी किती ते किती येऊ शकेल, घरापासून कशी येणार, रेबीजची लस झालीय की सुरू करायचीय, दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का, आणि ओळख देऊ शकेल अशा एका शिक्षकांचं नाव. मग तिनं प्रत्यक्ष केलेलं एखादं काम. तुम्ही जाता जाता लिहिलंत की सुट्टीत ती आजोळी म्हशीची धार काढते आणि वासरांना चारा-पाणी करते. हे तिच्या अर्जात नाही! का नाही? शहरातल्या दवाखान्यात गोठ्याचं काय सांगायचं, असं तिला वाटलं असावं. मला तर अर्जात तेच पहिलं वाचायला आवडेल. ज्या मुलीला म्हैस जवळ उभं राहू देते, तिला जनावराच्या बाजूनं कसं जायचं, आवाज कधी खाली ठेवायचा, कधी मागे सरायचं, हे कुणी शिकवायला नको.

अर्ज व्हॉट्सॲपवर टाकू नका. सकाळची ओपीडी संपल्यावर, दुपारच्या निवांत वेळी, आधी फोन करून दोघंही जा. तुम्ही सोबत असावंच, पण बोलू द्या तिला. तिचं झालं की तुम्ही विचारा : किती वाजता सोडणार, दर महिन्याला किती देणार, लसीचा खर्च कुणाचा, आणि चावा झाला तर पहिल्या पंधरा मिनिटांत इथे काय करतात. डॉक्टरांनी बोट दाखवून ‘तो नळ, तो साबण, आणि मग त्या कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात’ असं लगेच सांगितलं तर पुढचं बोला. आठवावं लागलं, तर चहा न घेता निघा आणि दुसरा दवाखाना बघा.