घटस्फोट झालाय? नाव परत मिळवायच्या टिप्स घ्या

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं तेव्हा कुणी स्टॅम्प पेपर मागितला होता का तुमच्याकडे? माझ्याकडे तरी नाही. लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असं कायद्यात कुठेच नाही, तरी दोन मिनिटांत मीनाची मानसी झाली, मधे वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव गेलं आणि वरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता ज्यांना उलटं यायचंय त्यांच्यासाठी हे.

मुहूर्त मे महिन्याचा धरा. जळगावात ४४ डिग्री असली की सेतूवर गर्दी कमी असते, आणि सर्व्हर डाऊन आहे ऐकून तुम्हाला घाम आलाय का रडू, ते कुणाला समजत नाही.

झेरॉक्सवाल्याशी चांगलं वागा. हेच नातं टिकणार आहे.

आधारमधे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक चान्स मी लग्नात उडवला, म्हणून दुसऱ्या वेळी स्पेलिंग देवाचं नाव घेऊन सांगा.

फुईला, म्हणजे आत्याला, सांगू नका. सांगितलंत तर "नाव बदलीसन काय करशी माय आते?" हे प्रत्येक हळदीला ऐकायची तयारी ठेवा.

आणि बँकेत जाताना सोबत माजी नवरा घेऊन जा. हो, खरंच. परवा मी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी, नाव बदलल्याचं गॅझेट, नवीन आधार, पॅन, दहावीची मार्कशीट सगळं फाईलीत लावून नेलं, दीड तास बसले, तर काउंटरवरचे साहेब फाईल न उघडताच म्हणतात, "ताई, मिस्टरांचं एनओसी लागेल." मी म्हटलं मिस्टर नाहीत म्हणूनच तर आलेय, तर म्हणे मग त्यांचं एक साधं लेटर तरी आणा, नंतर प्रॉब्लेम नको. कसला प्रॉब्लेम? पैसे माझे, खातं माझं एकटीचं, पगार माझा. आणि हिंदू विवाह कायद्याच्या १३ बी खाली परस्पर संमतीने झालाय घटस्फोट, म्हणजे त्याची संमती कोर्टात लिहून दिलेली आहे, खाली जजची सही आहे, आता ती संमती परत त्याच्याकडून लिहून आणू? केंद्राच्या गॅझेटसाठी हुकूमनामा नाहीतर नवऱ्याचं एनओसी मागत होते म्हणून २०२४ मधे एक बाई दिल्ली हायकोर्टात गेली होती, तिथे निदान 'नाहीतर' तरी होतं! आमच्या साहेबांना दोन्ही पाहिजे. बाजूच्या काउंटरला एक दादा मोबाईल नंबर बदलायला आले होते, त्यांना कुणी विचारलं का, बायकोला सांगून आलात का म्हणून?

टिप्स बास झाल्या.

साहेब, मी बाप बदलत नव्हते, परत लावत होते. त्याचं नाव माझ्या दाखल्यावर आहे, मार्कशीटवर आहे, तुमची बँक उघडायच्या आधीपासून आहे. नवऱ्याचं नाव लावताना तुम्हीच दहा मिनिटांत पासबुक छापून दिलं होतं, तेव्हा माझ्या बापाचं एनओसी मागितलं नव्हतंत. लाज वाटली पाहिजे. नियम माहीत नसेल तर मॅनेजरला विचारा, पण बाईला त्याच माणसाच्या दारात पाठवू नका जिथून ती कशीबशी सुटून आलीय.

सोमवारी परत येतेय. एकटीच. हुकूमनामा चार पानांचा आहे आणि मराठीत आहे, या वेळी वाचून मगच तोंड उघडा.