खुलासा : सिंड्रेला मुळात निष्पाप होती का?

‘मूळ सिंड्रेला निव्वळ सोशिक होती, तिला काळी छटा आजच्या लेखकांनी दिली,’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे.

इटलीत जाम्बात्तिस्ता बाझीलेची नेपल्सच्या बोलीतली सिंड्रेलाची कथा 1634 मध्ये छापली गेली. तिथली नायिका झेझोल्ला चक्क खून करते. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईच्या सल्ल्यावरून ती सावत्र आईकडे पेटीतले जुने कपडे मागते. आई पेटीत वाकते, झाकण धरून उभी असलेली झेझोल्ला ते सोडून देते. मान मोडते. पुढे बाप त्याच शिक्षिकेशी लग्न करतो आणि तीही हिला राबवते. दोन्ही सावत्र बहिणींना माफ करणारी, त्यांची लग्नं लावून देणारी सिंड्रेला 1697 मधली, फ्रान्सचा लेखक पेरो याची.

त्याच संदेशातली दुसरी चूक : जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाच्या पहिल्या, 1812 च्या आवृत्तीत कबुतरं बहिणींचे डोळे फोडतात. नाही, हा प्रसंग 1819 च्या आवृत्तीत आला. तिथे कबुतरं नवरीच्याच खांद्यांवर बसलेली असतात. चर्चला जाताना ती बहिणींचा एकेक डोळा फोडतात, परतताना दुसरा. सिंड्रेला कबुतरांना बहिणींवर सोडत नाही, पण आवरतही नाही. आमच्या मते खरी संदिग्धता इथेच आहे.