मासे जगतात म्हणून प्रवाळ जगतील असे नाही : गाळणीविषयीच्या एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे मोजकेच आहेत. त्यामुळे एखादा सल्ला एकदा फिरू लागला की तो सर्वांपर्यंत पोहोचतो आणि कोणी तपासण्याआधीच नियम होऊन बसतो. सध्या फिरत असलेला सल्ला थोडक्यात असा आहे : खाऱ्या टाकीत मासे ठणठणीत असतील तर तेच पाणी प्रवाळांनाही चालते, सम्पमधील (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या छोट्या टाकीतील) बायोबॉल (जीवाणू वाढावेत म्हणून ठेवलेले प्लास्टिकचे जाळीदार गोळे) हा नायट्रेटचा कारखाना असल्याने ते एका दिवसात काढून टाकावेत, त्यांच्या जागी मोठा कॅनिस्टर (बंद डब्याची गाळणी) लावून दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) गरज उरत नाही, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणावेत, आणि पाणी व दगड गोव्याच्या किनाऱ्यावरून आणले की खर्चही वाचतो. या सल्ल्यावर विसंबून अनेकजण आज टाक्या बदलण्याच्या तयारीत आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

माशांच्या प्रकृतीवरून पाण्याची पारख करणे ही यातली मूळ चूक आहे. क्लाउनफिश किंवा डॅमसेलसारखे काटक मासे लिटरमागे 50 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक नायट्रेटमध्ये वर्षानुवर्षे राहतात आणि अंडीही घालतात. प्रवाळाच्या ऊतींत मात्र सूक्ष्म शैवाले राहतात. पाण्यात पोषणद्रव्ये वाढली की ती बेसुमार वाढून प्रवाळ तपकिरी पडते, आणि फॉस्फेट वाढल्यास कठीण प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा घडण्यातही अडथळा येतो. याहून गंभीर गोष्ट तांब्याची आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी तांब्याचे औषध थेट मुख्य टाकीत घातलेले असते. माशाला बरे करणारी ती मात्रा कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांच्यासाठी विष ठरते. शिवाय तांबे दगडात आणि वाळूत मुरून राहते व पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. ज्या टाकीत हे औषध पडले आहे तिचे दगड आणि वाळू प्रवाळांसाठी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणतीही गाळणी निवडण्याआधी स्वतःला विचारण्याचा हा पहिला प्रश्न आहे, आणि प्रचलित सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही.

बायोबॉलना नायट्रेटचा कारखाना म्हणणे अर्धवट खरे आहे. जीवाणू जेवढा अमोनिया मिळतो तेवढ्याचेच नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि अमोनिया येतो तो आपण घातलेल्या खाद्यातून. बायोबॉल काढले म्हणून नायट्रेटचा उगम बंद होत नाही. फरक जागेचा आहे. बायोबॉलवर सर्वत्र प्राणवायू खेळत असल्याने प्रक्रिया नायट्रेटपाशी थांबते. सच्छिद्र दगडात मात्र पृष्ठभागावर तयार झालेला नायट्रेट आतल्या प्राणवायू कमी असलेल्या पोकळ्यांत शिरतो आणि तिथले जीवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये मांडलेली दगडावर आधारलेली पद्धत आणि पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी तिला दिलेली स्किमरची जोड, या दोन्हींचा पाया हाच आहे. परंतु बायोबॉल एका दिवसात काढून टाकणे ही आपत्ती ठरते, आणि हे मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही. माझ्या सुमारे 200 लिटरच्या टाकीतील सगळे बायोबॉल मी एका रविवारी उपसले. चौथ्या दिवशी अमोनिया चढला आणि चार वर्षे जपलेली क्लाउनफिशची जोडी मी गमावली. योग्य क्रम असा : आधी दगड टाकीत घालावा, त्यावर जीवाणूंची वसाहत पक्की होऊ द्यावी, मगच दर पंधरवड्याला साधारण एक पंचमांश बायोबॉल काढावेत आणि प्रत्येक वेळी अमोनिया तपासूनच पुढे जावे.

आता कॅनिस्टर आणि दहा टक्के पाण्याचा मुद्दा. इथे साधा हिशेब पुरेसा आहे. समजा, टाकीत आठवड्याला लिटरमागे 5 मिलिग्रॅम नायट्रेट वाढतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर नायट्रेटही दहाच टक्के कमी होतो, म्हणून पातळी वर चढत चढत 50 वर स्थिरावते आणि तिथेच राहते. ही झाली शुद्ध पाण्याची गोष्ट. ऊसपट्ट्यातील बोअरच्या पाण्यात खतांतून झिरपलेला नायट्रेट असू शकतो. मीठ मिसळण्याच्या पाण्यातच 20 मिलिग्रॅम असेल तर तीच पातळी 70 वर जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपण निर्धास्तपणे पितो ते पाणीही प्रवाळांसाठी अयोग्य असू शकते. राकसकोप किंवा हिडकल धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतोच. म्हणून आधी आरओ (सूक्ष्म पडद्यातून गाळणारे) आणि डीआय (उरलेले क्षार शोषणारे) या यंत्रांमधून टीडीएस, म्हणजे विरघळलेली द्रव्ये, शून्यावर आणलेले पाणी हवे, बाकीची यंत्रे त्यानंतर.

कॅनिस्टर घाण पकडतो, पण ती टाकीच्या बाहेर काढत नाही. स्पंजमध्ये अडकलेले खाद्य आणि विष्ठा त्याच पाण्याच्या प्रवाहात कुजत राहते, आणि झाकण उघडून स्पंज दर आठवड्याला धुणारे लोक मी फार थोडे पाहिले आहेत. स्किमर बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटणारी सेंद्रिय द्रव्ये कुजण्याआधीच फेसाबरोबर कपात गोळा करतो, आणि पाण्यात प्राणवायूही मिसळतो. तयार झालेला नायट्रेट स्किमरलाही काढता येत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे; म्हणून त्याला दगडाची किंवा सम्पमध्ये वाढवलेल्या कीटोमॉर्फा शैवालाची साथ लागते. आपल्या भागापुरता आणखी एक मुद्दा आहे. पावसाळ्यात खानापूरकडे वीज तासन्‌तास जाते. बंद कॅनिस्टरमधील जीवाणू आतला प्राणवायू लवकर संपवतात, आणि वीज आल्यावर ते कुजलेले पाणी थेट टाकीत येते. टाकीतल्याच दगडावरील जीवाणूंना बॅटरीवरचा साधा हवेचा पंप सांभाळून घेतो. कॅनिस्टर घरात असेल तर तो विकण्याची गरज नाही. त्यात फक्त कार्बन ठेवावा आणि वीज गेल्यावर तो सुरू करण्याआधी आतले पाणी ओतून द्यावे.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा आग्रहही घातक आहे. दोन्ही पूर्ण संपले की प्रवाळे फिकट पडतात, उपाशी राहतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर चढतो, जो हटवायला महिने जातात. नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिर ठेवावा. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम वापरायचे झाल्यास थोड्या मात्रेपासून सुरुवात करावी.

राहिला गोव्याचा मुद्दा. चोर्ला घाट उतरून कॅन भरून आणण्याचा मोह मला समजतो. परंतु आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात तिचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्यालगतची क्षारता पार खाली आणते. प्रवाळांना हवी असते ती हजारी 35 भागांच्या जवळपासची स्थिर क्षारता. दगडाबाबत तर प्रश्न सोयीचा नाही, कायद्याचा आहे. खडक घडवणारी सर्व कठीण प्रवाळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावरून उचललेल्या दगडावर जिवंत प्रवाळाचे अंकुर आहेत की नाहीत हे आपल्याला डोळ्यांनी सांगता येत नाही. प्रवाळांवर प्रेम आहे म्हणून टाकी उभारणाऱ्याने ती समुद्रातून ओरबाडून आणावीत, हे मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा कोरडा सच्छिद्र दगड घ्यावा, आपल्याच जुन्या टाकीतील तांबे न लागलेल्या दगडाचा एक तुकडा त्याच्याशेजारी ठेवावा, आणि जीवाणू नव्या दगडावर पसरेपर्यंत तीन-चार महिने थांबावे. तोवर बायोबॉल आहेत तिथेच राहू द्यावेत.