2 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: झाकणाची चूक आमची, काळा ड्रम मात्र तसाच असतो

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की स्मोकरला (लोखंडी ड्रमची, धुरावर मांस शिजवायची भट्टी) आठ दिवस लावले, भंगारात हजार-बाराशेला मिळणाऱ्या ड्रमचे साडेचार हजार घेतले, आतून जळका काळा माल दिला, आणि पहिल्याच रविवारी चिकनला रंगाच्या डब्यासारखा वास आला, पाहुण्यांनी नुसता पाव खाल्ला. वासाचं आधी बोलतो कारण ती चूक आमचीच आहे.

तुम्ही टाकलेला झाकणाचा फोटो मोठा करून बघितला. आतल्या बाजूला बदामी रंगाचा चकचकीत थर आहे आणि कडेला बारीक फोड आलेत. ते लायनिंग. ड्रमच्या आत गंज लागू नये म्हणून कंपनीतूनच मारलेलं असतं, नखाने खरवडलंत तर पापुद्रा निघेल. ड्रम आम्ही पूर्ण जाळला, पण जाळताना झाकण बाजूला काढलेलं असतं, ते नंतर वेगळं आगीत टाकायचं, ते पोराने टाकलंच नाही, वरून नुसता ब्रश मारला आणि मीही डिलिव्हरीच्या वेळी उलटं करून बघितलं नाही. स्मोकर चालतो 110 ते 130 डिग्रीला, एवढ्या तापाला लायनिंग जळून जात नाही, गरम होऊन वास सोडत बसतं. म्हणजे तुम्ही अजून दहा वेळा पेटवलात तरी ते आपोआप जाणार नाही, उगाच कोंबड्या वाया घालवू नका.

आता काळ्या ड्रमचं. दादा तो काळा असतो म्हणूनच साडेचार हजार आहेत हो. तुमचा ड्रम आंब्याच्या पल्पचा होता, 215 किलोवाला, पल्प आत पिशवीत असतो त्यामुळे पत्र्याला लागत पण नाही, तरी आतून कोटिंग आणि बाहेरून रंग असतोच. तो घालवायला खाली भोकं पाडायची, बाभळीची सुकी लाकडं तोंडापर्यंत भरायची आणि दोन-तीन तास नुसता धडधडू द्यायचा, पत्रा अंधारात लालसर दिसेपर्यंत. बाहेरचा रंग पापडासारखा सुटतो, आतलं कोटिंग राखाडी भुकटी होतं. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून आतून घासणे, साबणाने धुणे, लगेच सुकवणे (पावसाळ्यात एक रात्र तसाच राहिला तर सकाळी केशरी झालेला असतो, खरंच), आणि शेवटी शेंगदाणा तेलाचा पातळ हात मारून परत तीनेक तास तापवणे. ते तेल पत्र्यावर काळं बसतं, बिडाच्या तव्यावर बसतं तसं. हीट पेंट (ताप सोसणारा रंग) फक्त बाहेरून. आतून चकाचक रंगवलेला स्मोकर कोणी देत असेल तर घेऊ नका एवढंच सांगतो.

आठ दिवसांतले पाच पावसाने खाल्ले. आग उघड्यावरच लावावी लागते, शेडमधे त्या रंगाचा धूर कोंडला तर आम्हीच आडवे होऊ.

तुम्ही असंही लिहिलंय की घरचा निळा ड्रम आणला होता तो आम्ही "नाटकं करून" परत पाठवला. बरोबर, पाठवला, आणि उद्या आणलात तरी पाठवणार. त्याचं लेबल फाडलेलं होतं, बूच उघडल्यावर थिनरसारखा वास येत होता, आत काय होतं ते तुम्हालाही माहीत नव्हतं. औषध फवारणीचं असेल, सॉल्व्हंट असेल, जळून काय निघेल आणि पत्र्यात काय राहील कोण सांगणार? आणि जळायच्या आधी कापायचंय. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ बसलेली असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. मी शिकत होतो तेव्हा शेजारच्या शेडमधे असाच ड्रम कापायला घेतला आणि वरचा पत्रा छताला भोक पाडून गेला, माणूस वाचला पण एका कानाने आजही कमी ऐकू येतं त्याला. त्यामुळे खाण्याच्या मालाचा, लेबल शाबूत असलेला ड्रमच घेतो आणि बंद तोंडाचा असला तर दोन्ही बुचं काढून, धुऊन, कापायच्या रेषेपर्यंत पाणी भरल्याशिवाय मशीन लावत नाही.

अजून एक, फोटोत आत जी जाळी दिसतेय ती आमची नाही. आम्ही स्टीलची दिली होती, ही जीआयची वाटतेय, कुंपणाला लावतात ती. तिच्यावर जस्त असतं, निखाऱ्याजवळ तापवायची नाही, काढून टाका. आमची जाळी छोटी पडत असेल तर सांगा, बदलून देतो.

तर झाकण तेवढं पाठवा, अख्खा ड्रम गाडीत घालू नका. कडेची काळी रबर रिंग अजून तिथेच असेल तर ती ओढून फेकून द्या, ती पण आम्ही काढायला हवी होती. पाऊस नसला तर शनिवारी सकाळी भट्टी पेटते, संध्याकाळपर्यंत झाकण जाळून, घासून, तेल लावून परत. याचे पैसे घेणार नाही, आणि त्या दिवशीच्या चिकनचे किती झाले ते पण कळवा.