मागणाऱ्याचं काय, सर?

सर, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, खानापूरकडं भाताची सुगी चालू होती.

'ययाति'वरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की बापाला, ययातीला, स्वतःचं तारुण्य देणाऱ्या पुरूला बावळट म्हणणाऱ्याला खांडेकर कळलेच नाहीत. घरं टिकतात ती अशा पुरूंमुळंच. 'बावळट' हा शब्द मागं घेतो. बाकीचं नाही.

माझं भांडण देणाऱ्याशी नाहीच, मागणाऱ्याशी आहे. शर्मिष्ठेचंच बघा. आंघोळीनंतर वस्त्रांची अदलाबदल झाली, दोन पोरी भांडल्या, राजकन्या शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं. चूक शर्मिष्ठेची, मान्य. पण देवयानीचे वडील, असुरांचे गुरू शुक्राचार्य रुसून निघाले तर मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या जाणार, म्हणून ती देवयानीची जन्माची दासी झाली. कूळ वाचलं. त्या कुळातल्या दुसऱ्या कुणाचं काय गेलं?

देवयानी स्वार्थी, यात आपलं एकमत आहे. तरी हल्ली मला तिची कीव येते. कच आला तो देवांच्या कामासाठी, शुक्राचार्यांकडून संजीवनी शिकायला. हिच्या हट्टापायी तीनदा जिवंत झाला, विद्या पदरात पाडली, आणि हिनं लग्नाचं विचारल्यावर बहिणीचं नातं सांगून मोकळा! निष्ठा त्याची, भुर्दंड हिला. पुढं ती जी वागली त्याचं समर्थन मी करणार नाही, पण सुरुवात इथं आहे.

आपल्याला कन्नड येतं म्हणून सांगतो, गिरीश कार्नाडांचं 'ययाति' नाटकही वाचा. खांडेकरांची कादंबरी १९५९ची, हे १९६१चं. त्यात पुरूची बायको आहे, चित्रलेखा. नवरा अचानक म्हातारा झाल्यावर ती सासऱ्याला थेट जाब विचारते आणि शेवटी जीव देते. पुरूनं दिलेलं तारुण्य त्याच्या एकट्याचं होतं का, सर?

घरं टिकतात, खरंय. आमचंही टिकलं. मी दहावीत असताना आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. कागद कन्नडमधला, तिला कन्नड बोलता यायचं, वाचता नाही. "रान फुटायला नको," एवढंच थोरले काका म्हणाले. "कुठं करायची?" एवढंच तिनं विचारलं. घरी येताना तिला एक साडी आणि कुंद्याचा डबा घेतला. डबा मीच धरला होता, एसटीत मांडीवर.

परवा कापलं ते भात त्याच रानातलं. दर सुगीला आत्याकडं एक पोतं जातं. यंदाचं अजून गेलेलं नाही.